आडखोल शाखेचा अहवाल

निकालाला दीड वर्ष झालं, तक्ता तिसऱ्यांदा आला.
कोराच परत पाठवतोय.
'पराभवाची कारणे' या रकान्यात
बोटभर जागा ठेवलीत तुम्ही.
आमच्या बांधाची खांड अठ्ठावीस हात रुंद होती.

मतं पडली एकेचाळीस.
नोंदलेले सभासद त्रेपन्न.
मधल्या बारांत कोण, ते मी शोधलं नाही.
बायकोला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.
त्या रात्री तिसऱ्यांचं कालवण होतं,
मीठ जरा जास्त पडलेलं.
गप्प जेवलो.

बांधाला पहिली चीर गेली तेव्हा
सत्ता आपली होती, कुदळही आपली.
नारळ मी स्वतः फोडला,
खोबरं वाटलं. कामाला माणूस आला नाही.
पुढल्या खेपेला फळ्यावर नवी रक्कम रंगवली.
त्याच्या पुढल्या खेपेला फळ्याच्या आडोशाला
डोर्लेकरांची म्हैस बांधलेली होती.
मग भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला
पाणी आत आलं, आवाज न करता.
पोटरीला आलेलं भात सकाळी उभंच होतं,
दिसायला काही बिघडलं नव्हतं.
आठ दिवसांनी पिवळं पडलं.

आपलं तसंच झालं, साहेब.
शेवटच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या होत्या, आठवतं?
हिरवंगार.

लोकांत जाऊन काय सांगितलं, असं विचारलंत.
काही नाही.
माघात खांड बुजवायला गाव निघालं
तेव्हा घमेलं घेऊन रांगेत उभा राहिलो.
रांगेच्या तोंडाशी झुलेखाबी मुकादम,
सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघाभर चिखलात.
म्हणाल्या, "सेक्रेटरी, मोजायला आलात की वाहायला?"
वाहायला, म्हटलं.
"मग ती टोपी ठेवा काठावर.
नि आपिसातली फ्लेक्सं घेऊन या, पोती कमी पडतात."

आणली. तीन निवडणुकांची.
वासंती तांडेलने दाभणाने शिवून त्यांची पोती केली,
आम्ही चिखल भरला.
तुमचा हसरा चेहरा, जोडलेल्या हातांसकट,
आता भरतीच्या रेषेखाली चार हात आहे,
खाडीकडे तोंड करून.
राग मानू नका.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
तो पाणी अडवतोय.

फोटो मागितलेत. काढला नाही.
हात भरलेले होते,
आणि मोबाईल बाहेर काढला असता
तर मागचं घमेलं
मला वळसा घालून पुढे गेलं असतं.

खारं पाणी शिरलं की तीन पावसाळे जातात,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
आधी नुसतं गवत, मग राता भात, तोही निम्मा.
घाई करणारा बियाणंही घालवून बसतो.
परवा माती जिभेला लावून पाहिली.
खारट आहे.
गेल्या सालाइतकी नाही.
किंवा मला तसं वाटावंसं वाटतंय,
हेही नोंदवून ठेवतो.

एक राहिलं.
उघाडीच्या राखणीची वही झुलेखाबींकडे असते,
कुठली रात्र कुणाची, ते लिहिलेली.
या महिन्यात खालून तिसऱ्या ओळीवर माझं नाव आहे.
नुसतं नाव. पद नाही, पक्ष नाही,
आडनावात एक काना चुकलाय
तो मी दुरुस्त करायला सांगितला नाही.
तक्त्यात याला रकाना असेल तर कळवा.

अमावास्या मंगळवारी आहे, भरती मध्यरात्रीची.
त्या दिवशी बैठक ठेवू नका,
फोनही लावू नका.
मी फळीपाशी असेन.