दोन खुर्च्या

नळीवर नाव: सायमा. वय चौदा महिने, भाईंदर.
सोबत टाचलेला पहिल्या वाढदिवसाचा फोटो.
फ्लॅशमध्ये सगळ्यांचे डोळे लाल आलेत,
सुरी धरलेल्या मामाचेसुद्धा.
तिचा एकच लाल. डावा
दुधाच्या थेंबासारखा.

याहून जास्त मला माहीत नसतं.
परळला आमच्या चौथ्या मजल्यावर माणसं येत नाहीत,
बर्फाच्या डब्यातून
दोन मिलिलिटर रक्त येतं.

तेरावं गुणसूत्र, लांब बाहू.
सत्तावीस तुकड्यांत लिहिलेला एक जीन
मी अक्षर-अक्षर वाचते, डबा उघडायच्या आत निम्मा.
चौदाव्या तुकड्यात एका जागी दोन शिखरं,
निळं नि लाल, एकमेकांच्या अंगावर.
एक प्रत शाबूत.
दुसरीत सीच्या जागी टी,
आणि तिथंच पूर्णविराम.
प्रथिन अर्ध्या वाक्यावर
तोंड मिटतं.

"आज काय सापडलं?" बाबा विचारतात,
मांदेलीचा काटा काढता काढता.
दहिसरच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं कारकून.
नाका उठला त्या रात्री शिक्का परत करायचा होता.
केला नाही.

मी सांगते: पेशीला एकाची दोन व्हायचं असतं.
त्याआधी एक फाटक लागतं.
तिथं हे प्रथिन बसतं, कागद बघतं,
घाईतल्याला म्हणतं, जरा बाजूला घे.
"ताडपत्री उचलून बघतं का?"
ते पुढच्या नाक्यावर.
"मग हा झोपला की गाडी सुटली?"
नाही. दोन असतात.
एक आईकडून, एक वडिलांकडून.

बाबा हसले. "रात्रपाळीला आम्हीही दोघंच. मी नि नाईक.
तो चहाला गेला की मी, मला डुलकी लागली की तो.
एकतीस वर्षांत दोघं एकदम झोपलो दोनदाच.
एकदा मोरबीच्या फरशा गेल्या.
दुसऱ्यांदा काय गेलं,
ते कधी कळलंच नाही."

मग म्हणाले, "आणि ह्या पोरीचं?"
हिची एक खुर्ची
जन्मापासून रिकामी.
प्रत्येक पेशीत. आणि बाळाच्या डोळ्यात
सुरुवातीची दोन-चार वर्षं फार वाहतूक असते, बाबा.

काटा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला,
नीट, पावती ठेवावी तसा.

गुरुवारी आईची नळी आली.
नाझिमा, सव्वीस. व्यवसाय: शिवणकाम.
दोन्ही डोळे उत्तम, सुईत दोरा स्वतः ओवते.
तोच तुकडा. तेच अक्षर. तीच दोन शिखरं.
म्हणजे हिच्याही फाटकावर एकच कारकून,
आणि वाहतूक थांबेस्तोवर
कुठल्याच पेशीत तो पेंगला नाही.
याला आमच्याकडे एक लांबलचक शब्द आहे.
बाबा म्हणाले, "त्याला नशीब म्हणतात.
त्याची पावती फाडत नाहीत."

फॉर्मच्या तळाशी, वेगळ्या शाईत:
सध्या पाचवा महिना.

अहवालात लिहावं लागतं, बदल कुणाकडून आला.
मी 'आईकडून' लिहिलं.
खोडलं.
'मातृक' लिहिलं, ते त्याहून वाईट दिसलं.
पोटातल्यासाठी एकच ओळ: शक्यता निम्मी.
तिनं कुणाला काय दिलं, काय दिलं नाही,
आणि देताना तिला विचारलं होतं का,
यासाठी रकाना नाही.
शेवटी 'आईकडून'च ठेवलं.
सही केली.

रात्री पाणी प्यायला उठले तर
बाबा बाहेरच्या खोलीत, दिवा न लावता, खुर्चीत.
नाईक मागच्या दिवाळीत गेले.
शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी होती,
ती त्यांनी उचलून खाली ठेवलेली.
झोप नाही का, म्हटलं.
"तू झोप," म्हणाले.
"मी आहे."