इंजिन सोबत नाही

कुरिअरवाल्याने विचारलं, मुलासाठी का?
मी हो म्हटलं, सही केली.
मूल नाही आम्हाला,
पण हे काही जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

खोक्यावर लिहिलंय: वय वर्षं दहा आणि पुढे.
मी पुढेच आहे, सत्तेचाळीस.
आत पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं नाक,
बाल्साच्या फळीत अर्धवट कापलेले तीन पंख,
रबराची दोरी,
नव्या साडीसारखं घट्ट घडीचं नारिंगी पॅराशूट
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
इंजिन सोबत नाही.

फोन केला. माणूस म्हणाला, मॅडम, ते विमानाने येत नाही,
स्फोटकात धरतात. जहाजाने येईल.
कधी?
येईल.

तर मी पंख घासायला घेतले.
घासणं मला येतं. बावीस वर्षं परळच्या लॅबमध्ये
न पाहिलेल्या तोंडांसाठी कवळ्या घासतेय.
कणभर उंचवटा राहिला तर माणसाला जेवता येत नाही,
शिवीसुद्धा धड देता येत नाही.
बाल्सा वेगळं. पॉलिश पेपर जरा जोरात फिरला
की लाकूडच नाहीसं,
हातावर नुसती पिठी.

नळीवर सरळ रेघ कशी ओढायची?
गोल अंगावरून पट्टी घसरते.
कागद म्हणतो, दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी टेकवा.
टेकवली, ओढली.
मोरीच्या दाराची चौकट इतकी सरळ असेल
असं या घरात कधी कुणाला वाटलं नव्हतं.

उल्हास सेकंड शिफ्टवरून आला,
हात न धुताच वाकून बघत राहिला.
तो तिसरा किंचित तिरका आहे, म्हणाला.
होताच.
रात्री एक वाजता पंख उपटला, पुन्हा लावला.

इंजिनाशिवायही एक चाचणी करता येते.
तोल सापडेल तिथे दोरा बांधायचा
आणि डोक्यावरून गरगरा फिरवायचं.
नाक पुढे राहिलं तर ते उडेल.
शेपूट पुढे आलं तरी उडेल,
पण तुमच्याच अंगावर.
इंजिनाच्या जागी मी प्लास्टरची कांडी ओतली,
चोवीस ग्रॅम, लॅबच्या काट्यावर तोलून.

रविवारी, भांडुपला, आमच्या गच्चीवर,
टाकी आणि डिशच्या छत्र्यांमध्ये जेवढी जागा मिळाली तेवढ्यात.
पहिल्यांदा ते आडवंच झालं,
हट्टी बकरीसारखं मागे मागे ओढत राहिलं.
नाक हलकं.
खाली गेले. पर्समध्ये डबी होती,
कास्टिंगमधून उरलेले निकेल-क्रोमचे कण,
कुणाकुणाच्या दाढांचं उरलंसुरलं.
गुलाबी मेणात कालवून नाकात भरले.

दुसऱ्यांदा
दोरा ताणला आणि ते सरळ झालं.
मीही सोबत फिरत होते. टॉवर, खाडी, मिठागरं,
डोंगरावरची घरं, पुन्हा टॉवर,
आणि एक पातळ आवाज,
गरम चहावर फुंकर घालावी तसा.

खानविलकर पंप बंद करायला वर आले.
वहिनी, हे काय?
थांबले तर पडेल, म्हणून फिरता फिरताच म्हटलं,
चाचणी.
कशाची?
ते समोरून गेले होते तोवर. परत येईपर्यंत थांबले.
उडतं का, त्याची.
ते पाइपावर टेकले. पंप तसाच.
टाकी भरून वाहिली,
पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं,
मग त्यांच्या बुटांपर्यंत.

सोमवारी एका आजोबांची वरची कवळी घासत होते.
तर्जनीवर दोऱ्याचा वळ, दर फेरीला झोंबणारा.
मंगळवारी फलकावर सेक्रेटरींची नोटीस लागली:
टाकी वाहू देऊ नये.
कुणी, ते लिहिलेलं नाही.

जहाज कुठे आहे, कुणालाच माहीत नाही.
रॉकेट कपाटावर उभं आहे.
कांडी काढून ठेवलीय मी,
इंजिन आलं तर जागा रिकामी हवी.