डावा बोल्ट

पाच महिने लागले.
रॅनफर्लीच्या दुकानात मरे कुलहान दर वेळी सांगायचा,
"डावखुऱ्यांच्या बंदुका कारखाना वर्षातून एकदाच काढतो,
तेही मनात आलं तर."
अखेर आली. लांबट खोक्यात,
तेलकट कागदाला चिकटलेली,
बावीसची, म्हणजे अगदी बारीक गोळीची;
एका सशाला एक पुरते,
ससे मात्र पुरून उरतात.

ग्रीअर, बहिणीची मुलगी, तेरा वर्षांची.
खोकं उघडताना काही बोलली नाही.
फक्त बोल्टवर बोट ठेवून पाहिलं,
खरंच त्या बाजूला आहे ना.

आमच्याकडची जुनी बंदूक माझ्या वडिलांची. उजवी.
तिच्यावरच आम्ही दोघे डावखुरे शिकलो,
मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी, ती परवापरवा.
गोळी झाडायची, गाल उचलायचा,
चापावरचा हात काढून पलीकडे टाकायचा,
शेजारच्याच्या ताटातलं मीठ उचलावं तसा,
आणि गरम पुंगळी नाकासमोरून उडाली
की डोळे मिटायचे.
उघडेपर्यंत टेकडीवर नुसतं गवत.
डावं म्हणजे कमी, असं घरात कुणी कधी म्हटलं नाही.
फक्त सगळ्या वस्तू उजवीकडे ठेवलेल्या असायच्या.

लोकर निवडायच्या टेबलावर आम्ही ती मांडली.
कुत्री दाराशी, बाहेर जुलैचं दहिवर.
दस्ता लांब होता तिला;
मागच्या दोन चकत्या काढल्या,
मग कोपराच्या खोबणीत टेकवून पाहिला:
बोट चापावर अलगद पोचलं.
दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने,
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
घाई केली तर काच एका अंगाला झुकते.
खुंटीला दोरी, दोरीला गळाचं शिसं,
त्या ओळंब्याशी आतली उभी रेघ जुळवली.
"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड."
"कडेला काळी चंद्रकोर दिसतेय."
दुर्बीण एक रेघ मागे.
"अजून आहे."
आणखी एक रेघ.
"गेली," ती म्हणाली,
आणि श्वास सोडला, तो टेबलावर दिसला.

बोल्ट काढून नळीतून पाहिलं:
कुंपणाच्या पांढऱ्या खांबाचं डोकं,
गोल आकाशात नेमकं मधोमध.
दुर्बीणही त्याच खांबावर आणली.
गोळी न झाडता
जितकं करता येतं तितकं झालं.

पन्नास मीटरवर गवताचा भारा, त्यावर पुठ्ठा.
परवाना माझ्या नावाचा, म्हणून मी तिच्या कोपराला कोपर लावून.
तीन गोळ्या. तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशा,
पण केंद्रापासून चार सेंटिमीटर डावीकडे.
ग्रीअर पहिल्यांदा हसली:
"हीसुद्धा आपल्यातलीच."
एका टिचकीला साडेतीन मिलिमीटर.
हिशेब तिनेच केला, बोटांवर, डाव्या हाताच्या.
बारा टिचक्या उजवीकडे.
पुढच्या तीन लागल्या तिथे, जिथे लागायला हव्यात.
बोल्ट मागे, पुढे. गाल हललासुद्धा नाही.
पुंगळ्या पलीकडे दहिवरात पडून
सुस्स करत होत्या.

"मामा, आता तू."

मी आडवा झालो. गोळी झाडली, बरी लागली.
मग हात आपणहून उठला, पलीकडे गेला,
आणि उजवीकडच्या रिकाम्या हवेत
मूठ मिटून थांबला.
तिथे काहीच नव्हतं.
हॉकडनच्या डोंगरावर ऊन चढत होतं,
माझा हात मात्र तसाच, लोंबकळत,
चुकीच्या दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा.

ग्रीअरने पाहिलं.
"सवय होईल," ती म्हणाली,
मी नव्या कुत्र्यांशी बोलतो अगदी त्याच आवाजात.

सोमवारी मरेला फोन केला.
आणखी एक हवी, म्हटलं. तशीच.
"पाच महिने लागतील."
लागू देत.
छप्पन्न वर्षं तर लागलीच आहेत.