डावीकडून तिसरा

पोस्टरवर त्याचं नाव कधीच नसायचं.
रात्रपाळी सोडून नरसय्या चिलवेरी
रविवारच्या सकाळच्या खेळाला बसायचा,
कानात अजून धोट्याची खटखट.
इंग्रजी कळायचं नाही.
कळायचा तो एकटा,
डावीकडून तिसरा घोडेस्वार,
मध्यंतराआधी मरणारा.

"आला बघ आपला माणूस,"
आणि शेंगा सोलणारी बोटं थांबायची.
गोळी. छपरावरून पडणं. धूळ.
पुढच्या वर्षी वेगळ्या टोपीत
पुन्हा मरायला हजर,
कामावर यावं तसा.

मग विडी घरकुलात डिश आली.
एका रात्री तो दिसला जज्ज झालेला,
दोन वाक्यं बोलला, हातोडा आपटला.
नरसय्या उभाच राहिला. "बढती मिळाली त्याला!"
विड्यांचा कट्टा बांधत राजव्वा म्हणाली,
"पगार वाढला का पण?"

पुढे डॉक्टर, कुणाचा बाप, कुणाचा आजोबा,
शेवटी नाकात नळी, खाटेवरचा म्हातारा.
या खेपेला मात्र मेला नाही.
मालिकाच आधी बंद पडली.

नातवानं मोबाइलवर शोधून काढलं:
वॉल्टर प्रिंगल, एकशे बारा भूमिका.
नाव नरसय्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा जिभेवरून सांडलं.
एकशे बारा तेवढं राहिलं.

रात्री अंधारात विचारतो,
"आपल्या चादरी किती झाल्या असतील गं?
कुणाकुणाच्या अंगावर?"
राजव्वा कूस बदलते.
"आधी ही ओढ वर. पाय उघडे पडलेत."