कुरेसारेची बस

आदल्या रात्री हेल्यूने त्याला कोमट पाण्यात बसवलं,
हनुवटी बुडणार नाही इतक्याच.
सकाळी खायला काही दिलं नाही.
वाटेत पोट ढवळतं त्याचं, एंडेल म्हणायचा.

सफरचंदांचं खोकं. तळाशी सुकं गवत,
बाजूंना एंडेलचे स्वेटर ठासून;
धक्क्याने उलटा पडला
तर पोटातलं सगळं फुफ्फुसांवर येतं.
लोकरी मोज्यात गरम पाण्याची बाटली,
अंगाला टेकणार नाही अशी.
झाकणाला भोकं, पण उजेड नको.

"खाली डिकीत ठेवा की, आजी."
बाहेर उणे सहा.
तिने दोन तिकिटं पुढे केली.
"दुसरं कोणाचं?"
"याचं. वय बावन्न."

विर्त्सूला बस बोटीच्या पोटात शिरली.
इंजिनाची घरघर पायांतून वर चढू लागली,
तसं तिने खोकं मांडीवर घेतलं.
जिरू दे ती आपल्याच हाडांत,
त्याच्यापर्यंत नको.

फ्लॅट विकला. सामान ट्रकने पुढे गेलंय.
दारावरच्या पाटीचे चार स्क्रू
कोटाच्या खिशात खुळखुळतायत,
हातमोजे मात्र तार्तूलाच राहिले.

बहिणीने चहा ओतला. निवला.
खोकं शेगडीपासून दोन हात लांब:
ऊब बेताबेतानं यावी,
एकदम अंगावर नको.

"अगं, कोट तरी काढशील?"

"थांब जरा.
त्याने अजून डोकं बाहेर काढलेलं नाही."