पट्टी

कारेलीबागेत, पार्किंगच्या तुळईला साखळी टाकून
मॅटाडोरचं इंजिन वर घेतलं,
तेव्हा रसीलाबेन वाळत घातलेले पापड
गोळा करून आत गेल्या.

अण्णा खुर्चीत. उजवा हात आता त्यांचं ऐकत नाही,
पण पाना घसरला की कानाला कळतं:
"सतराचा नको, एकोणीसचा घे."

नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत,
झाकणांवर खडूनं: हेड, संप, पंप.
तिसऱ्या दिवशी क्रँक खाली आला.
तीन नंबरच्या बेअरिंगमागे पत्र्याची पट्टी,
कात्रीनं कापलेली,
तुपाच्या डब्यावरचं अर्धं झाड अजून हिरवं.

"नवं बेअरिंग टाकलं होतंत ना?
आईनं पाटल्या मोडल्या होत्या त्यासाठी."

अण्णा पंख्याकडे बघत राहिले.
बऱ्याच वेळानं:
"चालली ना पण बावीस वर्षं."

मी पट्टी डिझेलमध्ये धुतली, पुसली.
प्रतापनगरहून बेअरिंग आणलं, या वेळी खरंच.

रविवारी सेल्फ मारला.
खोकली, थुंकली, जिन्यापर्यंत काळा धूर,
मग लागली.

आई कणकेच्या हातांनी दारात:
"आवाज बदललाय गं हिचा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.
खिशातली पट्टी
मांडीला गार लागत होती.