पाठकोरी

कार्डांचा खोका जड होता, म्हणून
मी तो सोलमध्येच टाकायला निघाले होते.
‘राहू दे,’ हा म्हणाला, ‘पाठकोरी आहेत.’

बढतीच्या आठवड्यात छापून घेतलेली,
जाड, कडेला सोनेरी रेघ:
प्यो गिल-जुन, विभागप्रमुख.
पाचशेतली अठ्ठ्याऐंशी वाटून झाली
आणि यानं राजीनामा दिला.
का, ते त्याला अजून धड सांगता येत नाही.
लिफ्टच्या आरशात कुणी बडा माणूस दिसला,
वाकून नमस्कार केला,
तर तो मीच, एवढंच म्हणतो.

मोक्पोहून बोटीनं दोन तास.
दोन खोल्या, आणि चूल वगैरे नाही,
गॅसच आहे, उगाच खोटं कशाला बोला.
टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली तीन विभागप्रमुख, घडी करून.

सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या मिठाला जागला,
आता स्वतःच्या मिठासाठी जागा होतो
पहाटे चारला.
लाकडी फावडं ढकलत
वाफ्यातलं पांढरं कडेला आणतो,
आणि कार्डाच्या पाठीवर लिहितो:
ओहोटी सहा चाळीस.
बांग आजींचा पाना परत करणे.
दोन मुळे उसने.

मी मात्र एवढी साधी नाही.
मला एकविसावा मजला आठवतो,
आणि सलूनमधली ती मुलगी
जी मला रांगेतून उठवून आधी बसवायची.
पहिला हिवाळाभर आईला
फोनवर सांगत राहिले, बदली झालीय.
आई म्हणायची, बेटावर कसली गं शाखा?
मी म्हणायचे, नवीन आहे.

इथे याला हाक कशी मारावी
हेच कुणाला कळेना.
आमच्याकडे माणसाला हुद्द्यानं बोलवतात;
हुद्दा गेला की जिभेला
धरायला काही उरत नाही.
बांग आजींनी महिनाभर नुसतं ‘अहो, ते’ केलं.
मग एका दुपारी बांधावरून ओरडल्या,
‘गिल-जुन! पाऊस!’
आणि हा धावला,
खारं पाणी झाकल्या हौदात सोडायला,
एक चप्पल चिखलात ठेवून.
दारात उभी राहून मी ते नाव
एकदा हळूच म्हणून पाहिलं.
लग्नाला सत्तावीस वर्षं, आणि मीही
कधी म्हटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मा दोंग-उक आला.
याच्या हाताखाली होता,
आता याच्या खुर्चीत आहे.
दारातच बूट काढायला त्याला वेळ लागला.
‘प्यो साहेब, प्यो साहेब’ म्हणत
मिठाच्या ढिगाकडे तो असा बघत होता
जसं दवाखान्यात नातेवाइकाकडे बघतात.
ऑक्टोपसचा रस्सा मात्र तीन वाट्या प्याला.
तेवढ्यात त्याचा फोन नऊ वेळा थरथरला,
मी मोजलं. दहाव्यांदा त्यानं तो
उशीखाली सारला.

धक्क्यावर म्हणाला, नवा नंबर द्या.
यानं खिशातून कार्ड काढून लिहून दिला.
दोंग-उकनं ते दोन्ही हातांनी घेतलं,
रीतीप्रमाणे छापील बाजू वर धरली,
मान झुकवून वाचली, अक्षर न् अक्षर.

‘ती नाही,’ हा म्हणाला, ‘उलटं करा.’

उलट्या बाजूला, नंबराच्या वर,
आधीचंच काही खरडलेलं होतं:
उद्या ऊन. मीठ उचलणे.
बोटीची शिट्टी झाली तरी
तो तेवढ्या चार शब्दांशीच उभा.

खोक्यात अजून शंभरेक असतील.
हा म्हणतो, संपली की वही आणू.
मी म्हणते, सावकाश लिही,
गिल-जुन.